दहा मिनिटं फुकट

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेच्या तोंडाला एक मोकळा प्लॉट आहे. मालकानं त्याला पत्र्याचं कुंपण घातलंय, आत मुरूम टाकलाय आणि दाराला साखळी लावलीय. बाहेर पाटी आहे, पहिली दहा मिनिटं फुकट, पुढं चारचाकीला चाळीस रुपये. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एवढं वाचता येतं. पाटी मी वाचली होती. त्या दिवशी लोकांपुढं म्हणालो, पाटी दिसली नाही. ते खोटं होतं.

बायकोला जाऊन आता सात महिने झाले. पाटीची गोष्ट त्याच्या आधीची आहे, ती असतानाची.

आमचं गाव पारगावच्या कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला. त्या दिवशी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवला आणि रिकामी क्रेटं घेऊन पिकअप घराकडं वळवणार, तर ती म्हणाली, "जुन्नरला जाऊ. बांगड्या भरायच्यात." तिच्या भावाच्या नातीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. नारायणगावात काय कमी दुकानं आहेत? पण तिला जुन्नरची कासारीण लागायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्याकडंच. ती बाई हात हातात घेऊन बोटं अशी चेपायची की बांगडी कधी चढली ते कळायचं नाही, असं ही म्हणायची. मला पंपाचा वायसर हवाच होता, म्हणून गेलो. नाहीतर गेलो नसतो, हेही खरंच सांगतो.

प्लॉटमध्ये गाडी लावली. म्हटलं, "दहा मिन्टं. त्याच्यावर एक मिनिट न्हाई."

"अवं, बांगड्या का बसच्या तिकिटावानी मिळत्यात?"

"मंग नगं भरू."

ती पदर सावरत गल्लीत गेली. मी वायसर आणायला गेलो. दुकानदारानं तीन डबे उपसले तेव्हा मापाचा मिळाला. मग तिथंच एक ओळखीचा भेटला, चहा झाला. परत आलो तर प्लॉटच्या दाराला साखळी आणि साखळीमागं प्लास्टिकच्या खुर्चीत पावत्या फाडणारा माणूस. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. मिशा पांढऱ्या, डोक्याला मफलर, एक पाय जरा ओढत चालायचा.

"पावणं, चाळीस रुपये."

"कशाचं? आत्ता तर आलो."

"आत्ता न्हाई. अर्धा तास झाला."

"कशावरनं?"

"मी बघितली की गाडी आल्याली."

"मंग मीबी बघत व्हतो. दहा मिन्टं झाली."

"राव, तुमी हितं व्हताच कुठं बघाया?"

आजूबाजूचे दोघंचौघं हसले. मला राग आला. हसले नसते तर कदाचित दिले असते पैसे, कोण जाणे. माझा स्वभाव तसा नाही, पण दिले असते असं आता वाटतं. मी म्हणालो, पाटी दिसली नाही, येताना पावती दिली नाही, आणि रिकाम्या जागेत गाडी उभी केली म्हणून मालकाचा मुरूम काही झिजला नाही. तो म्हणाला, "मालकाशी बोला." मी म्हणालो, "बोलव मालकाला." तो म्हणाला, "मालक पुण्याला असतो." मागं एक मोटरवाला हॉर्न मारत होता. "काका, द्या ना चाळीस रुपये, आमची वाट अडलीय."

"तुला घाई असंल तर तू दे."

आणि मग मला ती अक्कल सुचली. त्या वेळी मला ती अक्कलच वाटली.

तरातरा गल्लीत गेलो. कासारणीच्या दुकानात ती पाटावर बसली होती. डाव्या हातात हिरव्याकंच सात बांगड्या चढल्या होत्या. उजवा हात कासारणीनं नुकताच मांडीवर घेतला होता. दोन्ही हातांतल्या जुन्या बांगड्या आधीच वाढवलेल्या, म्हणजे उजवा हात अगदी मोकळा.

"ऊठ."

"अवं, एक हात राहिलाय."

"राहू दे. साक्षीला चल."

कासारीण म्हणाली, "भाऊ, असं अर्ध्यात उठवू नगा. सवाष्णीचा हात मोकळा हाय."

"दोन मिन्टात धाडतो परत."

मनगट धरून तिला रस्त्यावर आणली. साखळीपाशी आता बरीच माणसं जमली होती. मी तिचे दोन्ही हात कोपरापासून वर धरले, कोर्टात पुरावा दाखवावा तसे.

"बघा! ह्यो हात भरलाय, ह्यो मोकळा. अर्धा तास झाला असता तर दोन्ही हात भरून झालं नसतं का? सांगा! एका हाताला किती येळ लागतो? दहा मिन्टं!"

कुणीतरी म्हणालं, "म्हातारं वकील व्हायला पायजे व्हतं." सगळे हसले, पण आता माझ्या बाजूनं. मला लई बरं वाटलं.

मफलरवाला हसला नाही. त्यानं तिला विचारलं, "मावशी, तुमी सांगा. तुमी म्हणाल ते खरं."

ती कशी होती ते सांगितलं पाहिजे. बाजारात मी क्रेटात वर चांगला माल लावायचो आणि व्यापारी बघायला आला की हीच म्हणायची, "खालचा जरा मऊ हाय बरं का भाऊ." मी घरी येऊन ओरडायचो. तिला खोटं बोलता यायचं नाही. आणि कासारणीच्या दुकानात तिच्या आधी दोन बाया होत्या, तिला वीस मिनिटं नुसतं बसावं लागलं होतं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. मी चहा घेऊन येताना दुकानावरूनच आलो होतो. ती तेव्हा बाकड्यावर बसलेली दिसली होती. नंबर लागायचा होता.

खरं बोलली असती तर चारचौघांत नवरा खोटा पडला असता. तिनं खाली बघितलं, हळूच हात सोडवून घेतला आणि मोकळा हात पदराखाली घातला.

त्या माणसानं साखळी काढली. "जावा बाबा. मावशीकडं बघून सोडतो."

मी समजलो, हरला.

गाडीत बसल्यावर म्हटलं, "जा आता, भरून ये दुसरा. गाडी बाहेर लावतो." ती म्हणाली, "चला घरी." नारायणगाव येईपर्यंत मी तिला तीच गोष्ट परत परत सांगत होतो, जशी काही ती तिथं नव्हतीच. मागं रिकामी क्रेटं खडखडत होती. गावात शिरताना ती एवढंच म्हणाली, "लोकांपुढं माझा मोकळा हात वर धरला तुमी."

"अगं, चाळीस रुपये वाचलं की."

घरी तिनं डब्यातनं एक जुनी बांगडी काढून उजव्या हातात घातली. लग्नाला तशीच आली, डाव्या हातात सात आणि उजव्यात एक. ती नवरीची आत्याआजी. मांडवात बायकांनी विचारलंच. तिनं सांगितलं, उजवा कामाचा हात, फुटत्यातच. आणि मी काय केलं? पंगतीत पाव्हण्यांना पार्किंगची गोष्ट सांगितली. हात वर करून दाखवला, कसा धरला होता तो. सगळी पंगत हसली. ती वाढत होती. लाडूचं ताट घेऊन आमच्या रांगेपर्यंत आली आणि मागं वळली.

गावात पारावर ही गोष्ट मी किती वेळा सांगितली त्याला गणती नाही. लोकच म्हणायचे, "बाबा, ती हाताची सांगा." पार आमच्या ओसरीसमोरच आहे. आत ऐकू जातं.

हट्ट तिचाही होता. गावात बांगड्यांची गाडी येते, भरल्या असत्या तर कोण नको म्हणत होतं? पण तिनं भरल्या नाहीत आणि मी एकदाही म्हणालो नाही, चल, जाऊन येऊ जुन्नरला. पिकअप दारात उभी असायची.

चारेक महिन्यांनी तिचं पोट फुगायला लागलं. नारायणगावच्या दवाखान्यात नेली. पोटात पाणी झालंय म्हणाले, लिव्हर गेलंय. सलाईन लावायला नर्स आली. डावा हात बघितला, बांगड्या खुळखुळल्या. मग उजवा घेतला. "बरं झालं, हा मोकळाच आहे," असं म्हणून तिनं सुई टोचली. एक जुनी होती ती काढून माझ्या हातात दिली. बायकोनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मला वाटतं ती जरा हसलीसुद्धा. ते हसणं मला अजून सोसत नाही.

बारा दिवस त्याच हाताला सुया. हात सुजून भाकरीच्या पिठासारखा झाला. तेराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

सवाष्ण गेली की तिला नवरीसारखी नटवतात. हिरवं लुगडं, मळवट, बांगड्या. बायका म्हणत होत्या, भाग्याची गेली. मी ओसरीवर बसलो होतो. आतनं आवाज येत होते.

"ह्या हाताला बसंनात गं."

"साबण लाव."

"सुजलाय. मोठं माप आण दुकानातनं."

मग काच फुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं सून बाहेर आली. "मामा, उजव्या हातात न्हाई चढत बांगड्या. तळहातात ठेवल्या आन मूठ मिटवली. चालंल ना?"

मी चालेल म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तेरावा झाल्यावर एक दिवस पिकअप काढली आणि एकटाच जुन्नरला गेलो. मुलगा विचारत होता, काय काम आहे. सांगितलं नाही. त्याच प्लॉटमध्ये गाडी लावली आणि आधी गल्लीत गेलो. कासारणीनं ओळखलं नाही. मग मी म्हणालो, एक हात राहिला होता. तिनं हातातली बांगडी खाली ठेवली.

"येतील म्हणून त्याच रंगाच्या सहा कागदात गुंडाळून ठेवल्या व्हत्या. दिवाळीपातुर ठेवल्या. मंग गिऱ्हाईकाला दिल्या. कशा हायेत वैनी?"

गेली म्हटलं. कासारणीच्या पुढ्यात एक बाई हात पुढं करून बसली होती. त्या बाईचा हात तिनं तसाच धरून ठेवला होता. मी तिथनं निघालो.

प्लॉटवर तोच माणूस, तोच मफलर. माझी गाडी येऊन सहा-सात मिनिटंच झाली असतील. म्हणाला, "जावा बाबा, फुकटात हाय."

मी चाळीस रुपये पुढं केले. "आजचं न्हाई. मागचं हाय. लग्नसराईत पिकअप लावली व्हती. मी तुझ्याशी भांडलो, बायकोचा हात दाखवला."

तो आठवत राहिला. रोज कुणी ना कुणी त्याच्याशी भांडतंच. "असंल. आता काय त्याचं? ते पावतीपुस्तक कवाच संपलं."

"अर्धा तास झाला व्हता. तू खरं बोलत व्हतास."

"जाऊ द्या की बाबा. तुमी दहा मिन्टं म्हणाला असाल, तर दहा मिन्टंच असतील."

"अर्धा तास!"

"बरं, दहा-पंधरा."

"अर्धा तास म्हणतो ना!" माझा आवाज चढला. "तिच्या आधी दोन बाया व्हत्या दुकानात. मी सोता बघितलं. घे पैसे, फाड पावती!"

लोक थांबून बघायला लागले. मागं एका गाडीनं हॉर्न दिला. मफलरवाला हसत हसत सगळ्यांना म्हणाला, "बघा, ह्यो पावणा मला पैसे घे म्हणून भांडतोय. हाय का कुणी असा?"

मग त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि हसायचा थांबला. हळूच विचारलं, "कशावरनं म्हणताय अर्धा तास?"

माझी मान आपोआप गल्लीकडं वळली. तिथनं कुणी येणार नव्हतं.