व्यंकट आचाऱ्यांचं जेवण

"सोबत कोण आलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मामा खुर्चीत सरळ बसले होते. दुर्बीण घालायच्या आधी घशात मारलेल्या औषधानं त्यांची जीभ अजून जड होती. तरी ते म्हणाले, "ही माझी सून. जे काय हाय ते हिच्याम्होरंच सांगा."

डॉक्टरांनी कागदावर एक लांबट नळी काढली आणि तिच्या मधोमध पेनानं काळा ठिपका गिरवला. "ही इसोफेगस, म्हणजे अन्ननलिका. तोंडातला घास इथून पोटात जातो. इथं गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय, पण मला हा कॅन्सरच वाटतोय. वाट निम्म्याहून जास्त बंद झालीय."

मला वाटलं, आता मामा विचारतील, मी वाचतो का? पण ते त्या ठिपक्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मग मी जेवायचं कसं?"

माझे सासरे व्यंकटराव. शिरूर अनंतपाळ आणि आसपासच्या गावांत सगळे त्यांना व्यंकट आचारी म्हणत. लग्न असो, बारसं असो की मंदिराचा भंडारा, भट्टी पेटली की मामा तिथं. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, खांद्यावर पंचा, हातात वावभर लांबीचा झारा. त्यांनी याच कामावर घर बांधलं, दोन बहिणींची लग्नं केली, माझ्या नवऱ्याला, संतोषला, शिकवलं आणि शेवटी त्यालाही भट्टीवरच आणलं. कितीही मोठं कार्य असलं तरी ते घरी येताना सासूबाईंसाठी पंच्यात बांधून बुंदी आणायचेच. सासूबाई म्हणायच्या, "मला शुगर हाय, माहीत न्हाई का?" आणि सगळी खायच्या.

माझं माहेर मुदखेडचं. वडील रेल्वेत गँगमन. आई लवकर गेल्यामुळं मी कसाबसा स्वयंपाक करायची. माझ्या भाकरीला एक बाजू कायम जाड. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी केलेली आमटी मामांपुढं ठेवली आणि दाराआड सरकले. एवढ्या मोठ्या आचाऱ्याच्या घरात ही असली सून! मामांनी भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "येसर जरा कमी भाजलाय. उद्या संगं भाजू." दुसऱ्या दिवशी ते खरंच माझ्याशेजारी चुलीपुढं बसले. आमच्याकडं लग्नाची आमटी येसराशिवाय होत नाही. धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ कधी उतरवायचं, हे त्यांनी मला नाकानं ओळखायला शिकवलं.

आजाराची पहिली खूण आमच्या डोळ्यांदेखत होती. मामा भाकरी कुस्करून खायला लागले. मग प्रत्येक घासाला पाणी. मग भात मागून घ्यायला लागले, तोही पातळ करून. विचारलं तर म्हणायचे, "पित्त झालंय. भट्टीचा धूर हाय सगळा." लग्नसराई होती, जेवणांच्या कामांच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या, त्यांना थांबायला सवड नव्हती. एका हळदीच्या जेवणात बटाट्याची फोड छातीत अडकली आणि ते मांडवामागं जाऊन ओकले, तेव्हा संतोषनं त्यांना आणि मला गाडीवर बसवलं आणि लातूर गाठलं. तो कागदपत्रांच्या रांगेत राहिला, डॉक्टरांकडं मी गेले.

डॉक्टरांच्या भाषेत याला डिस्फेजिया म्हणतात, म्हणजे गिळायला त्रास होणं. तुमच्या घरात कुणी जेवताना सारखं पाणी पीत असेल, घट्ट खायचं टाळत असेल, कारण नसताना बारीक होत असेल, तर पित्ताच्या गोळ्या देत बसू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या. ती लवकर होते आणि वाटते तितकी अवघड नसते.

तुकड्याचा रिपोर्ट आला, कॅन्सरच होता. मग पेट स्कॅन झाला, म्हणजे आजार अंगात आणखी कुठं पसरलाय का ते बघायची तपासणी. शेजारच्या गाठींत होता, लांब गेला नव्हता. ऑपरेशन जमण्यासारखं नव्हतं. केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून द्यायचं औषध, आणि रेडिएशन, म्हणजे किरणांचे शेक, असं दोन्ही मिळून द्यायचं ठरलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, संतोषला धंदा सोडता येईना. म्हणून दवाखान्याजवळ एक खोली केली आणि मामांसोबत मी राहिले.

थोड्याच दिवसांत त्यांना दूधही उतरेना. डॉक्टरांनी त्यांना दाखल करून घेतलं आणि राइल्स ट्यूब टाकायला सांगितली. ती नाकातून थेट पोटात जाणारी बारीक नळी असते, तिच्यातून पातळ अन्न द्यायचं.

मामांनी साफ नकार दिला.

"नाकानं जेवायचं? न्हाई. त्यापरीस उपाशी बरा."

डॉक्टर चिडले नाहीत. स्टूल ओढून बसले. "व्यंकटराव, अंगात ताकद नसेल तर मला शेक थांबवावे लागतील. थांबवले तर गाठ वाढणार. तुम्ही विचार करा, मी संध्याकाळी येतो."

मामा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. संतोषनं फोनवर विनवलं, सासूबाई रडल्या. मामांचं एकच, "चव कळत न्हाई ते जेवण न्हवं."

मी स्टूल त्यांच्या उशाशी ओढलं. मग मनात आलं ते बोलून टाकलं. "मामा, भंडाऱ्याचा स्वयंपाक तुम्ही कधी चाखून केलाय का?"

"देवाच्या आधी उष्टं करत्यात का?"

"मग मीठ-तिखट कसं कळतं?"

"वासावर."

"मग आता पण वासावरच जेवा. मी करते ते आधी तुमच्या नाकाखाली धरते. पसंत पडलं तरच नळीत घालीन. न्हाई पडलं तर परत करीन."

त्यांनी पांघरूण तोंडावर ओढलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "लई वस्ताद झालीस की गं तू," ते म्हणाले. "बोलव त्या डॉक्टराला."

नळी टाकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी सिस्टरचा हात धरला नाही, माझा धरला.

नंतरचे आठवडे मी मुगाचं वरण, नाचणीची पेज, भाज्यांचं पाणी असं शिजवून, बारीक वाटून, दोनदा गाळून द्यायची. मामा वास घ्यायचे आणि शेरा द्यायचे. "जिरं जळलंय." "हां, आज जमलं." जिऱ्याची फोडणी नळीला कळत नाही हे दोघांनाही माहीत होतं, तरी मी दुसरी करायची. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते: रुग्णाला बसवूनच द्या, नंतरही लगेच आडवं करू नका. आधी आणि नंतर कोमट पाण्यानं नळी धुवा. नाकाशी नळीवर खूण असते, ती सरकलेली दिसली तर काही न घालता आधी सिस्टरला दाखवा.

शेकाच्या खोलीबाहेर आमच्यासारखे पुष्कळ असायचे. उदगीरची एक आजी, अहमदपूरचा एक मास्तर. मामा प्रत्येकाला विचारायचे, "आज डब्यात काय?" डबा उघडून दाखवावा लागायचा. उदगीरच्या आजीच्या सुनेला त्यांनी तिथंच बाकावर बसून उडदाच्या वरणाला लसूण कधी घालायचा ते सांगितलं. त्या बाकावर आजारापेक्षा स्वयंपाकाचं बोलणं जास्त व्हायचं. शेकानं घसा सोलवटल्यावर मामांचा आवाज बसला, तेव्हा ते हातानं खुणा करून सांगायचे.

उपचार लागू पडला. गाठ आक्रसली, नळी निघाली. पहिल्यांदा त्यांनी पातळ वरण मागितलं. चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि गिळला. मग छातीवरून हात खाली नेत म्हणाले, "गेलं बघ."

त्या उन्हाळ्यात मुदखेडला माझ्या भावाचं लग्न होतं. मामा म्हणाले, "सोयऱ्याच्या घरचं कार्य हाय, मी येणार." कुणाचं ऐकलं नाही. भट्टीपासून थोडं लांब प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बारीक झालेल्या आवाजात ते सगळ्यांना कामाला लावत होते. शेवटच्या पंगतीला माझ्या वडिलांच्या शेजारी बसले. भात कालवून एकेक घास घेत होते आणि आम्ही सगळे वाढायचं सोडून बघत होतो.

"माझ्या तोंडाकडं काय बघायलाव?" मामा म्हणाले. "लोकांच्या ताटात बघा की!"

माझे वडील फार कमी बोलणारे. त्यांनी आपल्या ताटातला लोणच्याचा रस मामांच्या भातावर घातला.

दिवाळीच्या आसपास पोट दुखायला लागलं. आजार लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात गेला होता. डॉक्टर म्हणाले, "आता पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे बरं करायचे नाहीत, त्रास कमी करायचे उपचार. पुन्हा केमो दिली तर त्यांना त्रासच जास्त होईल." मामांनी ऐकून घेतलं. "मग घरी चला," म्हणाले. दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. नाव ऐकून पुष्कळ जण घाबरतात. घाबरू नका, डॉक्टर सांगतील तशा द्या. त्या गोळ्यांमुळंच मामा शेवटपर्यंत आमच्याशी बोलू शकले.

ते सकाळी गेले. सासूबाई त्यांचे पाय चेपत होत्या. संतोष बाजूला बसला होता. मी आत चहा ठेवला होता, तो तसाच उकळून गेला.

तेराव्याच्या दिवशी पहाटे अंगणात आवाज आला म्हणून दार उघडलं. तालुक्यातले आचारी आले होते. कुणी न बोलावता, आपापल्या कढया आणि झारे घेऊन. पुढं निलंग्याकडचे निवृत्ती आचारी होते. त्यांचं आणि मामांचं एकाच भागातल्या सुपाऱ्यांवरून कायम वाजायचं. ते संतोषला म्हणाले, "आज तू भट्टीकडं यायचं न्हाई. बापाजवळ बस." आणि हार घातलेल्या फोटोकडं बोट दाखवलं.

पानं मांडल्यावर आम्ही बायका नेहमीप्रमाणे वाढायला उभ्या राहिलो. निवृत्ती आचाऱ्यांनी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"बाई, तू बस."

"पाहुणे जेवू देत. मी मागून..."

"पाहुणे थांबत्याल. वरीसभर तू उभ्यानं खाल्लंस, मी भेटायला आलो तवा व्यंकटनंच मला सांगितलंय. सासूला घे आणि बस."

मामांनी हे कधी बघितलं होतं, मला माहीत नव्हतं. मी त्यांची नळी धुताना ओट्यापाशी काहीतरी तोंडात टाकायची, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बिस्किट खायची. मला वाटायचं, ते झोपलेत.

मी सासूबाईंशेजारी मांडी घालून बसले. निवृत्ती आचाऱ्यांनी भात वाढला, वर गरम आमटी घातली आणि माझ्यासमोरून हलले नाहीत. मी पहिला घास घेतला, मग दुसरा. डोळ्यांतलं पाणी डाव्या हातानं पुसलं. मी पोटभर जेवले.