जाळं फेकणारा माणूस खालून पाहताना

मोहर्लीत वाघ काढणारे पेंटर पुष्कळ. ताडोबाच्या दाराशी राहायचं म्हणजे वाघ काढता आलाच पाहिजे, आणि रंजीता सिडामलाही तो येतो. पण तिला बोलावणं येतं ते माणसांसाठी. तेंदूपत्त्याचं ओझं डोक्यावर घेऊन उतार उतरणारी बाई, बैलाच्या खुरातला काटा काढणारा म्हातारा, ढोल गळ्यात अडकवून नाचणारे गडी. अशी माणसं तिने रिसॉर्टच्या, शाळांच्या, समाजमंदिरांच्या भिंतींवर काढली आहेत. चित्रातल्या माणसाचा भार कोणत्या पायावर आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं.

हे ती कॉलेजात शिकली नाही. चंद्रपूरला चित्रकलेचा डिप्लोमा केला, तो नंतर. त्याआधी दोन हंगाम ती वडशाला लटारूभाऊंकडे होती. लटारूभाऊ झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवतात. त्यांची पद्धत अशी, की जे काढायचं ते आधी आपण करून पाहायचं. पडद्यावर राजा सिंहासनावरून उठताना हवा असेल, तर भाऊ आरशासमोर मोडक्या खुर्चीवरून उठत, बसत, पुन्हा उठत. रंजीताही तशीच शिकली. माणूस हवा असला की आरसा, नाहीतर नवरा सुरज.

गेल्या हिवाळ्यात सिरोंच्याहून काम आलं. तिथल्या मच्छीमार संस्थेने नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवी इमारत बांधली होती, आणि दारावरच्या उंच भिंतीवर त्यांना एकच चित्र हवं होतं: डोंग्यात उभा राहून जाळं फेकणारा माणूस. रंजीता आलापल्लीवरून बसने तिथे पोचली आणि एक अख्खी सकाळ पोचू नावाच्या मच्छीमाराच्या डोंग्यात बसली. पोचू बुटका, रुंद खांद्याचा, बोलायला मोकळा. तो कमरेतून मागे वळायचा, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जाळं पाण्यावर गोल पसरलेलं असायचं. तिने मोबाईलमध्ये फोटो काढले ते बहुतेक पुसट आले. जे नीट आले, ते सगळे डोंग्यात बसून काढलेले, समोरून.

अडचण इथेच होती. भिंत उंच. पाहणारा माणूस खाली रस्त्यावर उभा राहून मान वर करणार. समोरून काढलेलं चित्र तिथे चढवलं तर माणूस मागे कलंडल्यासारखा दिसणार. त्याला खालूनच काढायला हवं: पाऊल मोठं, हनुवटीची खालची बाजू दिसणारी, डोकं लहान.

घरी आल्यावर तिने सुरजला पाण्याच्या टाकीवर उभं केलं आणि हातात मच्छरदाणी दिली. सुरज सफारीची जिप्सी चालवतो. दुपारच्या फेरीला अजून वेळ होता, म्हणून तयार झाला. रंजीता खाली अंगणात पाठीवर पडून काढू लागली.

"वळून थांबा तसंच. हात खाली नोका आणू."

"थांबूनच तं राह्यलो," सुरज म्हणाला. "कंबर धरली माह्यी. जाळं फेकणारा माणूस थांबत नाई, तू मले थांबवून राह्यली."

त्याचं बरोबर होतं. थांबलेला माणूस म्हणजे थांबलेलाच माणूस. कागदावरही तो थांबलेलाच येत होता.

मग तिने चंद्रपूरच्या मैत्रिणीला, दिव्यानीला फोन केला. दिव्यानी कार्टूनच्या कामात आहे. ती म्हणाली, कॉम्प्युटरवर माणसाचा पुतळा उभा करता येतो, हातपाय पाहिजे तसे वळवता येतात, आणि त्याच्याभोवती फिरून वरून, खालून, कुठूनही पाहता येतं. तिने दोनतीन सॉफ्टवेअर सुचवली. "एकदम विकत नको घेऊ. आधी चालवून पाहा."

रंजीताने चालवून पाहिली, आणि तीही आपल्या पद्धतीने. सासू सोनीबाई मोहफुलं वेचताना जशी बसते तशी बसवून पाहायची, असं तिने ठरवलं. उकिडवी, दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे काखेपाशी, एक हात पुढे. ही बैठक रंजीताने इतक्यांदा काढली होती की डोळे मिटून चूक ओळखता आली असती. जे आपल्याला पाठ आहे तेच आधी विचारायचं, म्हणजे समोरचा किती खरा ते कळतं.

मोबाईलवरचं पहिलं सॉफ्टवेअर तिथेच अडलं. त्यातले गडी छाती फुगवलेले, बाया काडीसारख्या, आणि दर वेळी नेट मागायचं. मोहर्लीत नेट आहे, पण त्याच्या मर्जीने. दुसरं लॅपटॉपवर टाकलं. ते दिसायला भारी होतं. कातडीवर घामसुद्धा चमकायचा. तलवार घेतलेली माणसं, उडी मारणारी माणसं, सगळी तयार. उकिडवं बसवलं तर मात्र टाचा उचलल्या जायच्या आणि गुडघा पोटात घुसायचा. वर जुना लॅपटॉप असा घुरघुरायला लागला की सुरजने आतून विचारलं, कोणती गाडी सुरू केली म्हणून.

त्यातूनही तिला त्याचा मोह झाला होता. पुतळ्याचा चेहरा फार सुरेख होता. ती सहज पेन्सिल घेऊन तो काढायला बसली, आणि अर्ध्यावर थांबली. हात नुसता नक्कल करत होता. तयार चेहरा समोर ठेवला की हात आळशी होतो, हे तिला स्वतःच्याच रेघेत दिसलं.

तिसरं सॉफ्टवेअर अगदी साधं. मातीच्या रंगाचा पुतळा, नाक-डोळे काही नाहीत. पण त्याच्या पायाची नळी आखूड करता यायची, खांदा रुंद करता यायचा, पोट सोडता यायचं. सांधे माणसाचे वळतील तेवढेच वळायचे. एक दिवा होता, तो सूर्यासारखा पाहिजे तिथे नेता यायचा. एकदा टाकलं की नेटशिवाय चालायचं. रंजीताने मापं ओढूनताणून सोनीबाईंच्या अंगाची केली आणि बैठक लावली. टाचा टेकल्या. तिने सोनीबाईंना बोलावून लॅपटॉपचा पडदा दाखवला.

सोनीबाई वाकून पाहत राहिल्या. "हे मी हाओ काय? डोये नाईत हिले."

"डोये मी काढीन, बाई. बसली बराबर काय ते सांगा."

"बसली बराबर हाये. टोपली कुठी हाये पण?"

रंजीताने तेच तिसरं सॉफ्टवेअर ठेवलं.

त्या आठवड्यात एका पडद्याचं काम होतं, म्हणून वडशाला जाताना लॅपटॉप सोबत नेला. लटारूभाऊंनी चहा पिता पिता तो पुतळा गरगर फिरताना पाहिला. त्यांना ते फारसं रुचलं नाही.

"बाहुली पाहून माणूस काढशीन काय आता?"

"भाऊ, आरशात आपण समोरूनच दिसतो," रंजीता म्हणाली. "मले खालून पाहाचं हाये. त्याच्यासाठी जमिनीत खड्डा खंदू काय?"

"अन् यानं चुकीचं दाखवलं तर?"

"जे मले येते तेच पह्यले विचारलं त्याले. तिथी खरं निघालं, मंग पुढचं विचारून राह्यली."

भाऊंनी कप खाली ठेवला. म्हणाले, "हे बरं केलं. पण वजन काय असते, ते याले ठाव नाई. ते तुलेच टाकावं लागन."

हे वाक्य तिच्या डोक्यात बसलं. पोचूच्या मापाचा पुतळा तिने आधीच तयार केला होता: आखूड पाय, रुंद खांदे, कमरेतून वळलेला. खालून पाहिला तर भिंतीसाठी अगदी नेमका. पाऊल, मांडी, कोपर, सगळं जागच्या जागी. कागदावर उतरवल्यावरही चूक कुठे सापडत नव्हती. तरी तो माणूस नाचातला वाटत होता, नदीतला नाही.

तिने पुन्हा सिरोंचा गाठलं आणि पोचूला म्हणाली, "अन्ना, जाळं मले द्या. मी फेकून पाह्यते."

पोचूने तिच्याकडे, तिच्या साडीकडे, मग नदीकडे पाहिलं. "डोंग्यात नको अक्का. काठावर, गुडघाभर पाण्यात."

तिने पदर खोचला. पोचूने जाळ्याचा एक भाग तिच्या डाव्या कोपरावर टाकला, एक उजव्या हातात दिला. ओलं जाळं आणि काठाला शिशाच्या गोळ्या. खांदा एकदम खाली गेला. मग त्याने काठाचा एक कोपरा उचलून तिच्या तोंडापाशी धरला.

"हे दातात धरा. सोडताना सोडाचं."

रंजीता थबकली. फोटोत हे तिला दिसलंच नव्हतं. त्या जागी नुसता पुसट पट्टा होता. तिने काठ दातात धरला. मान आपोआप पुढे ओढली गेली, जबडा घट्ट झाला, मानेची शीर ताठ उभी राहिली. आता वळायचं म्हटलं तर डोकं एकीकडे आणि कंबर दुसरीकडे ओढत होती. पहिल्यांदा जाळं गोळा होऊन पायाशीच पडलं. पोचू हसला, तीही हसली. सूर्य वर येईपर्यंत ती फेकत राहिली. शेवटी एकदा ते पसरलं. गोल नाही, लांबट, पण पसरलं. त्या वेळी मागचा पाय वाळूत किती खोल रुतला होता, ते तिने पाय न हलवता नीट पाहून घेतलं.

मग काठावरच्या झाडाखाली बसून लॅपटॉप उघडला. पुतळ्याची मान पुढे ओढली, डावा खांदा पाडला, मागच्या टाचेवर भार दिला, दिवा सकाळच्या उन्हाच्या बाजूला नेला. पडद्यावर त्याच्या खाली जाऊन पाहिलं. जाळं, दात, डोळे आणि मानेची शीर यातलं काहीच पुतळ्यात नव्हतं. ते तिच्या हातात होतं, आणि हात दुखत असल्यामुळे चांगलंच लक्षात होतं.

परांची बांधून घेतली आणि भिंतीचं काम सुरू केलं. रोज ती परांचीवरून उतरून रस्त्यापलीकडे जायची, मान वर करून पाहायची, पुन्हा चढायची. चेहरा तिने ओळखीच्या कोणाचाच काढला नाही, म्हणजे पोचूचा नाही आणि संस्थेच्या अध्यक्षाचाही नाही, जरी अध्यक्षाने दोनदा येऊन आपल्या मिशीची आठवण करून दिली. पाण्यावर पडू घातलेलं जाळं दाराच्या चौकटीवर येऊन थांबत होतं. खालून आत शिरणाऱ्याला वाटावं, आता आपल्यावरच पडतं.

चित्र पूर्ण झालं त्या दिवशी पोचू बायकोला घेऊन आला. बराच वेळ तो पाहत राहिला. मग नकळत त्याचा डावा खांदा खाली गेला आणि जबडा आवळला. रंजीताने ते पाहिलं. यापुढे कोणी काही बोललं नसतं तरी तिला चाललं असतं.

बोलली ती पोचूची बायको, तेलुगूत, जरा जोरात. पोचूने सांगितलं, "ती म्हणते, मासे आम्ही बाया सुकवतो, आम्ही विकतो. आमचं चित्र काऊन नाई?"

इमारतीची बाजूची भिंत कोरीच होती. ती उंच नव्हती, माणसाच्या डोळ्यासमोर येणारी. रंजीताने त्या भिंतीकडे पाहिलं, अध्यक्षाकडे पाहिलं. तो मान हलवण्याच्या बेतात होता, ती होकाराची की नकाराची याची तिने वाट पाहिली नाही.

"मासे पसरवाले कशा बसता, ते दाखवा मले," ती पोचूच्या बायकोला म्हणाली, आणि तिच्या शेजारी जमिनीवर उकिडवी बसली.