साडूंची तीन बोटे

कापसाचा पुंजका चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगणारी माणसे यवतमाळात पुष्कळ असतील. परंतु तेवढ्यावरून तो कोणाच्या वावरातला आणि त्या मालकाचा स्वभाव कसा, हे सांगणारे माझे थोरले साडू एकटेच. जिनिंगच्या कारखान्यात माल पारखण्यात त्यांचे आयुष्य गेले. ही सवय मात्र जिनिंगपुरती उरली नाही. लग्नात नवरदेवाच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून ते आधी सूत तपासत आणि मग आशीर्वाद देत. आमच्या नव्या गादीतला चिमूटभर कापूस काढून, तो दुसऱ्या गादीतून आलेला आहे, असा निर्णय त्यांनी माझ्या पत्नीसमक्ष दिला.

अशा माणसाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊ लागली. साडूंनी प्रथम फ्रिजच्या पाण्याला दोष दिला, नंतर एसटीच्या दांड्याला आणि अखेरीस वांग्याला. त्यांच्या घरी वांगे बंद झाले. मी शिक्षकी सवयीने कारणे क्रमवार लिहून दिली: मधुमेह, बी-बाराची कमतरता, मानेचा मणका, मनगटात दबलेली नस, यांपैकी कोणते, हे डॉक्टरांनीच ठरवावे. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मास्तर, यात वांगं तं नाहीच."

पुढे बोरी अरब गावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा माल त्यांनी आखूड धाग्याचा ठरवला. तो वाद घालत बसला नाही. स्वतः पुंजका ओढून त्याने धागे साडूंच्या काळ्या कोटाच्या बाहीवर पसरले.

"भाऊ, बोटं राहू द्या. डोयानं पाहा एकडाव."

धागे चांगले लांब होते. साडूंनी सर्वांसमक्ष चूक कबूल केली, प्रत बदलली आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन दवाखाना गाठला. तपासण्यांत साखर ठीक निघाली, मानही निर्दोष ठरली. करंगळी शाबूत आणि ही तीनच बोटे बधिर, म्हणजे नस मनगटात दबली आहे. वर्षानुवर्षे चिमटीने ओढण्याचा हा परिणाम असावा, असे डॉक्टर म्हणाले. मनगटाला पट्टा आला आणि चिमटीला विश्रांती. बोटांची जाण पूर्ण परतेल का, याचे खात्रीचे उत्तर त्यांनी दिले नाही.

परवा भेटायला गेलो, तेव्हा साडू ओसरीवर बसून मांडीवरच्या कापसावरून करंगळी सावकाश फिरवत होते.

"इले पहिलीत टाकलं, मास्तर. काही ध्यानात नाही राहात इच्या."

उशिरा शाळेत आलेली मुले पुष्कळदा चांगली शिकतात, असे मी त्यांना सांगितले. ते हसले नाहीत. डोळे मिटून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.