मदत मागितल्याचा प्रसंग

ऑस्ट्रेलियातल्या ह्या टूवूंबात बसची वाट बघत माणूस म्हातारा होतो, म्हणून मी आधी गाडी घेतली, पलंग नंतर. इंटरव्ह्यूची तयारीही त्या गाडीतच केली. भाड्याच्या घराच्या भिंती पातळ, आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीने मला इंग्रजीत स्वतःचंच कौतुक करताना ऐकावं, हे मला चालणारं नव्हतं. वृद्धाश्रमातली शिफ्ट संपली की गाडी झाडाखाली लावायची, काचा वर, फोन समोर, आणि एआयला म्हणायचं, विचार प्रश्न.

इंटरव्ह्यू हॉस्पिटलच्या लॅबचा होता. मी मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी केलेली, आणि काम करत होते म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालण्याचं. त्या कामाची मला लाज नाही. पण वडील इचलकरंजीत यंत्रमागावर, आई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी, अशा घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. जे शिकले तेच काम मला हवं होतं.

इथे विषयातलं फारसं विचारत नाहीत, प्रसंग विचारतात. सहकाऱ्याशी वाद झाला तेव्हा काय केलंत? चूक झाली तेव्हा? मी उत्तर द्यायचे, एआय सुधारायचा. ‘वरिष्ठांना मी कधी उलट बोलले नाही,’ असं अभिमानाने सांगितलं, तर म्हणाला, हे उत्तर इथे कमजोर वाटेल. आमच्याकडे ह्या एका उत्तरावर माझं लग्न ठरलं असतं.

मग एकदा त्याने विचारलं, कुणाकडे मदत मागितल्याचा एखादा प्रसंग सांगा.

मी आठवत बसले. अकरावीचा फॉर्म मी भरला. स्कॉलरशिपचाही मीच, आणि वडिलांनी सही कुठे करायची तेही मीच बोट ठेवून दाखवलं. कॉलेजच्या क्लार्कने ‘पालकांना घेऊन ये’ म्हटलं, तर त्यांना नेलं आणि क्लार्क काय म्हणतोय ते त्यांना समजावून सांगितलं. मागायची कुणाकडे? हे सगळं मी एआयला ऐकवलं, जरा चढ्या आवाजातच. तो म्हणाला, कौतुकास्पद आहे, पण तुम्हाला टीममध्ये काम जमत नाही असं पॅनेलला वाटेल. आणि त्याने एक उत्तर लिहून दिलं. त्यात मला एक अनुभवी सहकारी होती, मी तिच्याकडे निःसंकोच जात होते, ती वेळ काढून समजावत होती. वाचून मला त्या उत्तरातल्या मुलीचा हेवा वाटला. पुसून टाकलं.

रविवारी आईचा फोन आला.

“काय गं, घसा बसलाय तुजा?”

“जरा.”

“लई बोलतीस काय कुणासंगं?”

“कामावर बोलावं लागतं.”

“बरं हाय की. बोलाय माणसं हायत म्हणजे.”

मी हो म्हणाले. इंटरव्ह्यूचं तिला माहीत नव्हतं. आमच्यात काम झाल्याशिवाय ते तोंडातून काढत नाहीत, दृष्ट लागते. फक्त एआयला ठाऊक होतं.

पॅनेलवर तिघं होती. तो प्रश्न आलाच. मी म्हणाले, “मला मदत मागायची सवय नाही. पण लॅबमध्ये उशिरा विचारलं तर पेशंटचं सॅम्पल वाया जातं, हे मला कळतं. तिथे मी विचारेन.”

मधल्या बाईंनी मान वर केली. “ह्या इंटरव्ह्यूसाठी कुणाला विचारलंस?”

“एआयला.”

“आणि माणसांपैकी?”

मी घसा खाकरला. “नो वरीज,” त्या म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. गेली नोकरी, असं मी धरून चालले.

पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. नोकरी तुझी. मात्र सुरुवातीचे काही महिने एका सीनियरच्या हाताखाली राहायचं, आणि उत्तर येत असलं तरी आधी तिला विचारायचं. मी कबूल केलं. एआयला कळवलं. त्याने अभिनंदन केलं आणि पहिल्या दिवसाची तयारी करायची का, म्हणून विचारलं. मी तो बंद केला आणि गाडीतूनच आईला फोन लावला. तिची खिचडीची वेळ, तिने उचलला नाही. थोड्या वेळाने तिचाच आला.

“काय झालं गं? ह्या वक्ताला फोन?”

“नोकरी लागली, आई. लॅबमध्ये.”

ती म्हणाली, “कवापासनं चाललं हुतं?”

“महिनाभर.”

“आणि मला न्हाई सांगितलंस?”

“तूच म्हणतीस न्हवं, काम झाल्याबिगार बोलू नये.”

“ते लोकास्नी गं. मी लोक व्हय?”

मी स्टिअरिंग धरून बसले.

“बरं, काय काय इचारलं त्यांनी?”

“इचारलं, कधी कुणाची मदत मागितलीस काय.”

“मग? काय सांगितलंस?”

तेवढ्यात तिकडे कुणीतरी खिचडी खाली लागली म्हणून ओरडलं. “थांब, ठेवू नगंस,” म्हणून आई फोन तसाच ठेवून पळाली. पलीकडे पातेली, नळाचं पाणी, बायकांची बोलाचाली. ती परत येईपर्यंत मी फोन कानाला लावून बसले, तिला काय सांगायचं ते जुळवत.