बाहुलीसमोरचा पोळपाट

माझ्या पाच वर्षांच्या मुलीने भातुकली मांडली आहे. बाहुलीला भिंतीशी बसवलंय आणि तिच्यासमोर चिमुकला लाकडी पोळपाट तांब्याला टेकवून उभा केलाय.

मी म्हटलं, "अगं, पोळपाट आडवा ठेव. पोळ्या कशा लाटणार?"

"बाबा, तो पोळपाट नाहीये, टॅब आहे. ती जेवतेय ना!"

गेला आठवडाभर मी हिच्यासाठी चांगल्या वेबसाइट्स शोधत होतो. बालवाडीच्या बाईंनी दिलेली यादी एकेक करून उघडून पाहिली. जिथे मधेच जाहिरात आली ती खोडली, जिथे अनोळखी माणसं मुलांशी बोलू शकतात ती खोडली. शेवटी चार उरल्या. अक्षरं, आकडे, गोष्टी आणि पक्ष्यांचे आवाज. पक्ष्यांचे आवाज! आमच्या खिडकीत रोज सकाळी बुलबुल येतो. तो तिला दाखवायला मला सवड नाही, पण यादीला आठवडा मिळाला. ती यादी मी शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या मित्रांना पाठवली. काय कौतुक झालं माझं! किती जागरूक बाप!

मुलीने खोटा घास बाहुलीच्या तोंडाला लावला, पोळपाट जरा सरळ केला. मग बाहुलीकडे पाठ करून बसली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "हे सगळं मी तपासलंय. छान आहे. आता बाबाला हाक मारायची नाही."