आत्याचे दहा फूट

आमच्या घराच्या दोन्ही मजल्यांची छतं दहा-दहा फुटांवर आहेत. येणारे-जाणारे वर बघून म्हणतात, छान हवेशीर बांधलंय. बांधलंय कसलं! ते दहा फूट माझ्या आत्याने माझ्या बापाकडून वसूल केलेत. कसे, ते मीच सांगते, कारण बाबा ती गोष्ट सांगताना निम्मी गाळतात.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कपड्यांच्या कारखान्यात ती तेहतीस वर्षं कटिंगला होती. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि सगळे एकदम कापायचे, हे तिचं काम. तिथल्या मालकाने जास्त मशिनं बसावीत म्हणून एका उंच खोलीत मधोमध फळ्यांचा माळा ठोकून दोन खोल्या केल्या होत्या. खाली शिलाई, वर कटिंग. वर फळीपासून छतापर्यंत साडेपाच फूट जागा होती. बाकीच्या बायका तिथे बिनधास्त उभ्या राहायच्या. आत्या पाच फूट अकरा इंच.

पहिल्या वर्षी तिचं डोकं रोज आपटायचं, दुसऱ्या वर्षापासून आपटेनासं झालं. मान पुढे, खांदे गोल, पाठीला बाक, अशी ती कामावर उभी राहायची, आणि मग तशीच बसमध्ये, बाजारात आणि घरीही. लग्नाचं वय होतं तेव्हा तिचा फोटो मुद्दाम बसवून काढला होता म्हणे. तरी जमलं नाहीच. लोकांना मोडेन पण वाकणार नाही अशा माणसांचं कौतुक असतं. आत्या वाकून वाकून मोडली नाही, त्याचं कौतुक कोणी केलं नाही.

तर बाबांनी आणि आत्याने मिळून जागा घेतली. अर्धे पैसे त्यांचे, अर्धे तिचे. खालचा मजला आमचा, वरचा तिचा. त्या वस्तीत घराच्या एकूण उंचीला परवानगीची मर्यादा आहे. स्लॅब, कठडा वगैरे वजा जाता दोन मजल्यांना मिळून वीस फूट उरत होते. आत्याने एकच गोष्ट मागितली. फरशी कुठलीही घाला, रंग कुठलाही द्या, पण मला माझे दहा फूट हवेत. बाबा म्हणाले, हो, त्यात काय. इंजिनियरने तसा नकाशा काढला आणि आम्ही सगळे तो विसरून गेलो.

मग बाबा त्यांच्या साहेबांच्या नव्या घरी जेवायला गेले. तिथे बारा फुटांचा हॉल आणि मधोमध लोंबणारं झुंबर होतं. परत आले ते झुंबराचं वेड डोक्यात घेऊनच. पंधरा दिवसांत तसंच एक झुंबर खोक्यात घालून घरी आलं, लांब पितळी साखळीसकट. त्याच सुमारास बाबांनी ठेकेदाराला फोन करून खालच्या मजल्याची उंची बारा करायला सांगितलं. विसातून बारा गेले की काय उरतं हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. आत्याला कोणी सांगितलं नाही. मला माहीत होतं आणि मीही मूग गिळून बसले, हे कबूल करते.

आत्या शनिवारी अर्ध्या दिवसानंतर साइटवर जायची. त्या शनिवारी खालच्या मजल्यावरचं सेंट्रिंग लागलं होतं. टेकूंवर फळ्या, फळ्यांवर सळ्यांची जाळी बांधून तयार, सोमवारी काँक्रीट पडणार होतं. आत्याच्या गळ्यात शिंप्याची टेप कायम असते, साठ इंची. तिने शिडी मागवली, खांबाला टेप लावली आणि मोजलं. टेप दोनदा पूर्ण लागली आणि वर चोवीस इंच उरले. तिने खिशातला खडू काढून एकशेवीस इंचांवर खांबावर रेघ मारली. नंतर खाली उतरून हात झटकले आणि थेट घरी आली.

बाबा आधी चाचरले, मग समजावणीच्या सुरात आले. चारचौघं येणार ते खालीच येणार. तू एकटी, तुला एवढी उंची घेऊन करायचंय काय. आठ फुटांत माणसं राहत नाहीत का.

"आठ फुटांत पंखा लावला की मी हात वर करायचा नाही," आत्या म्हणाली. "अंगातले कपडे डोक्यावरून काढायला गेले तरी बोटं पंख्यात जातील."

"भिंतीवरचा पंखा लावू," बाबा म्हणाले. "आणि ताई, तू तशीही वाकूनच चालतेस."

माझ्या आईच्या हातातली बशी तशीच राहिली. आत्या उठून आत गेली. बाबांना वाटलं, पटलं तिला. मला त्या क्षणी बाबांची लाज वाटली, आणि गप्प बसल्याबद्दल स्वतःचीही.

सोमवारी सकाळी काँक्रीटची गाडी आली तेव्हा आत्या सळ्यांच्या जाळीवर स्टूल टाकून बसलेली होती. मांडीवर डबा, गळ्यात टेप. बत्तीस वर्षांत तिने घेतलेली ती तिसरी रजा. मजुरांनी विनवलं, ठेकेदाराने हातवारे केले. काँक्रीट थांबत नाही बाई, गाडीतच घट्ट होईल, म्हणाला. आत्या म्हणाली की गाडी दुसरीकडे न्या. चुकून कापलेलं कापड फेकता येतं, चुकून ओतलेल्या स्लॅबखाली मला मरेपर्यंत राहावं लागेल. सेंट्रिंगवाल्यांना मजा वाटत होती. ठेकेदाराचं मात्र तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग बाबा शिडीने वर चढले आणि त्यांच्या मागोमाग मी. बाबांचा चेहरा लाल झाला होता. लोक बघताहेत, खाली चल, काय तमाशा लावलायस, हे सगळं एका दमात झालं. आत्याने डबा बाजूला ठेवला आणि ती उभी राहायला लागली.

'लागली' असं मी मुद्दाम म्हणते. नेहमीच्या जागी ती थांबलीच नाही. आधी पाठ सरळ झाली, मग खांदे मागे गेले, शेवटी मान वर आली. मी जन्मल्यापासून तिला पाहतेय, पण ती बाई मी पाहिली नव्हती. बाबांची नजर तिच्या कपाळावर होती, ती तिच्या हनुवटीपर्यंत आली. त्यांना वर बघावं लागलं.

"माप घे," आत्या म्हणाली आणि टेप त्यांच्या हातात दिली.

बाबा तसेच उभे. मग मीच टेपचं एक टोक तिच्या टाचेखाली दाबलं. साठ इंच तिच्या गळ्यापाशी संपले. बाबांनी तिथे बोट धरून टेप पुन्हा लावली.

"अकरा," ते म्हणाले.

"इंजिनियरने विचारलं होतं ना, घरात सगळ्यात उंच कोण? काय सांगितलंस?"

बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं होतं. पाच फूट आठ. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. आयुष्यभर एका घरात राहून त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"त्या मालकाने एका छताची दोन केली, तेव्हा मला पगार तरी देत होता," आत्या म्हणाली. "तू माझेच पैसे घेऊन मला माळ्यावर टाकतोयस. बत्तीस वर्षं वाकले मी. आता एक इंच वाकणार नाही."

काँक्रीटची गाडी परत गेली. सळ्या सोडवल्या, फळ्या उतरवल्या, खांबांची काँक्रीट भरलेली वरची टोकं आत्याच्या खडूच्या रेघेच्या हिशोबाने फोडली आणि टेकू दोन फुटांनी कापले. त्यात नऊ दिवस गेले. ठेकेदार बाबांवर ओरडला, बाबा आमच्यावर. आत्या रोज कामावरून येऊन रेघ जागेवर आहे ना, बघून जायची.

बाबांनी माघार घेतली, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. झुंबराच्या साखळीची एक कडी काढणार नाही, म्हणाले. बारा फुटांसाठी घेतलेलं झुंबर दहा फुटांच्या छताला जसंच्या तसं टांगलं, तेही जिन्याच्या पायथ्याशी. बाबांचं डोकं त्याखालून दोन बोटांनी वाचायचं. पाहुणे बिचकून कडेने जायचे. आत्या दिवसातून चारदा तिथून ये-जा करायची आणि तिचा केससुद्धा त्याला लागायचा नाही. सवय कुठली जायला! वर दहा फूट मोकळे असूनही ती घरभर तशीच चालायची. बाबा सोफ्यावरून बघायचे आणि मला त्यांच्या नजरेत 'बघ, मी काय म्हणत होतो' दिसायचं. मला भयंकर राग यायचा. कधीकधी वाटायचं, एवढं भांडून मिळवलं ते काय कामाचं.

पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली. त्यानंतर दोन-एक महिन्यांनी, एका रविवारी सकाळी मी आणि बाबा हॉलमध्ये पेपर वाटून घेऊन वाचत होतो. आत्या वरून उतरत होती. जिन्याखाली खळ्ळकन आवाज झाला. आम्ही दोघांनी मान वर केली. झुंबराचे लोलक एकमेकांवर आपटत होते आणि आत्या टाळू चोळत उभी होती, ताठ.

बाबा आता तिला म्हणतील, 'मग, वाकावं की नाही?' असं मला वाटलं. आत्यालाही वाटलं असणार, कारण तिने कंबरेवर हात ठेवला. बाबांनी पेपरची घडी केली, स्वयंपाकघरातलं स्टूल आणि पक्कड आणली आणि झुंबराखाली चढले.

"किती कड्या काढू?" त्यांनी विचारलं.

"माप घे," आत्या म्हणाली.