आमचे साडू अजून ठरवून राहिलेत

गोदावरी आणि मांजरा या दोन नद्यांच्या मधल्या मुलुखात आमच्या साडूंइतका न ठरवणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. ते लातूरला जीवशास्त्र शिकवतात, आणि गर्भातल्या मेंदूचा धडा त्यांनी भलताच मनावर घेतलाय. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, मेंदू घडवणाऱ्या मूळपेशींत काही जनुकांचा जोर दर दोनेक तासांनी चढतो, उतरतो. हे डोलणं चालू आहे तोवर एका पेशीच्या दोन होत राहतात. डोलणं थांबलं की ती मज्जापेशी होते, मग तिची वाढ संपली. "सगळ्यांनीच घाईनं ठरवलं तर मेंदू एवढुसाच राहतो, साडूभाऊ," असं म्हणत ते हॉटेलात सांगितलेला चहा रद्द करून लस्सी मागवतात, आणि लस्सी घुसळायला घेतली की पुन्हा चहा. मालक गल्ल्यावरूनच म्हणतो, "सर, तुमचं डोलणं झालं की आवाज द्या." स्वतःच्या मुलाच्या बारशाला तर कहर झाला. आत्यानं पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर' केलं आणि नावासाठी भावाकडं पाहिलं. साडू म्हणाले, "डोलू दे अजून." घुगऱ्या वाटून झाल्या, बाळ बिननावाचंच. शाळेत घालेपर्यंत ते नुसतं बाळ्या होतं.

हे सगळं मला गमतीचं वाटायचं, माझी मुलगी त्यांच्याकडं राहून डॉक्टरकीच्या क्लासला जाऊ लागेपर्यंत. यंदा तिला मार्क कमी पडले. आणखी एक वर्ष तयारी की दुसरं काही, फोनवर विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही, बाबा." मी नांदेडहून तडक लातूर गाठलं. पोरगी साडूंच्या शेजारीच बसली होती.

"तुम्हीच पोरीला हे शिकवून राहिलात?"

"मी कुठं? तिचं तिला पटलंय," साडू म्हणाले. "तुम्ही कवा डोलला होता का हो?"

मी कमी बोलणारा माणूस. पण त्या दिवशी बोललो. वडील म्हणाले नोकरी धर, मी 'हाव, धरतो' म्हणालो. दुसरं काही मनात यायच्या आतच ठरून गेलो. आणि आता पोरीलाही तेच करायला लावतोय, हे तिच्यासमोरच तोंडातून निघून गेलं. तिनं मान खाली घातली.

"एकदा ठरलेली पेशी परत डोलते का?" मी विचारलं.

"न्हाई." एवढ्या वर्षांत साडूंनी पहिल्यांदाच असं तडकाफडकी उत्तर दिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पण ती शेजारणीला सांगते, तू घाई करू नको. तेवढं तिच्या हातात असतंय."

परतताना बसमध्ये बायकोचा फोन आला. "काय ठरलं पोरीचं?"

"न्हाई ठरलं," मी म्हणालो. "राहू दे तिला काही दिवस तशीच."